सासूबाईंना दुःखात नऊ गुण

जे मोजता येत नाही त्यावर उपाय करता येत नाही, हे कुठल्याही सुव्यवस्थित समाजाचं मूलभूत तत्त्व आहे. ताप मोजता येऊ लागला म्हणून औषधं निघाली. जमीन मोजता येऊ लागली म्हणून भांडणं निघाली. एकटं दुःख तेवढं बराच काळ बेशिस्त राहिलं होतं. कुणीही उठावं, हवं तितकं दुःख करावं, शेजाऱ्यांनी ‘अरेरे’ म्हणावं आणि त्याची कुठेही नोंद नसावी, असा सगळा कारभार. त्यातही ज्या घरात मोठ्या माणसाला विसरण्याचा आजार झालेला असतो, तिथला गोंधळ तर विचारू नका. माणूस समोर बसून चहात बिस्किट बुडवतोय, आणि घरचे म्हणतात तो थोडाथोडा जातोय. जातोय तर बिस्किट कोण खातंय? आणि बसलाय तर तुम्ही डोळे कशाला पुसताय? प्रशासनाने काय ते एक समजायचं तरी कसं?

हा गोंधळ निस्तरण्यासाठी आमच्या भागात ‘काळजीवाहक दुःखमापन व साहाय्य केंद्र’ सुरू झालं. त्याबद्दल संबंधितांचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. (तळमजल्यावर बाळांची वजनं होतात. तिथे माझी बरीच ये-जा असते. लेकीचं वजन तक्त्यातल्या मधल्या रेषेच्या किंचित खाली येतं. किंचितच. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मग रेषा काढली कशाला, हे मात्र ते सांगत नाहीत.) वरच्या मजल्यावरची पद्धत साधी आहे. पंचवीस प्रश्न. प्रत्येकाला ‘कधीच नाही’ला शून्य, ‘सतत’ला चार. एकूण गुण शंभर. विसाच्या आत ‘समाधानी’, साठापर्यंत ‘सहनशील’ आणि साठाच्या वर ‘पात्र’. पात्र ठरणाऱ्याला महिनाभर रोज दहा ते चार एक प्रशिक्षित मदतनीस मिळते. समाधान्यांना माहितीपत्रक मिळतं. सहनशीलांना काही मिळत नाही. ते सहन करतील, असं त्यांच्या नावातच गृहीत धरलेलं आहे.

आम्हाला मदतनीस हवी होती, आणि ती दुःखासाठी नव्हे, मोतीबिंदूसाठी.

माझे सासरे चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात विक्रेते होते. आता ते घरीच विक्री करतात. सकाळी नाश्ता झाला की कपाट उघडतात आणि चादरी, टॉवेल, पडदे, लेकीची दुपटी असा सगळा माल एकेक करून पलंगावर फडकवतात. समोर सासूबाई गिऱ्हाईक म्हणून बसतात. दोन वर्षांपासून सासरे त्यांना ‘वहिनी’ म्हणतात.

“वहिनी, घेऊ नका, पण बघा तर. बघायला पैसे पडत नाहीत.”

“जरा गडद दाखवा,” सासूबाई म्हणतात.

सगळा ढीग झाला की सासूबाई ‘उद्या येते, ह्यांना विचारून’ असं सांगतात आणि त्या सगळ्याच्या घड्या घालतात. दुपारी दुकान पुन्हा उघडतं. मधल्या वेळात अंघोळ, दाढी, जेवण, दारापर्यंत पळणं आणि दारापासून परत आणणं. (दाराची कडी आम्ही वर लावून घेतली आहे. लेकीसाठी आणि सासऱ्यांसाठी मिळून एकच. ड्रॉवरना बाळांची कुलपं लावली आहेत. ती दोघांनाही उघडतात. मला उघडत नाहीत.)

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि उजवा पिकलाय. मध्यंतरी त्या एका चादरीला ‘हा निळा बरा आहे’ म्हणाल्या, तेव्हा सासरे फार सौजन्याने म्हणाले, “वहिनी, हिरवा आहे. दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघता का?” इथवर ठीक होतं. पण सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी पांढरी आहे आणि झोपेची फिकट पिवळी, आणि सासूबाईंना आता दोन्ही पांढऱ्याच दिसतात. मी झोपेच्या पाकिटाला रबरबँड लावून ठेवते, म्हणजे हाताला कळावं. तो रबरबँड लेक खाते. ऑफिसात बसून मी दिवसभर एवढाच विचार करते: आज रबरबँड पाकिटाला आहे की पोटात, आणि सासऱ्यांना सकाळी नक्की काय दिलं गेलंय. रजा म्हणाल, तर लेकीच्या कानदुखीत माझी सगळी संपली. नवऱ्याची होती, तीही तिच्याच कानात गेली.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन दहा मिनिटांचं आहे, पण नंतर आठ दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, धावायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, “मग ह्यांचं कोण बघणार?” डॉक्टर म्हणाले, तो डोळ्यांचा विभाग नाही.

म्हणून आम्ही केंद्रात गेलो. सासूबाई दुःखात सहज उत्तीर्ण होतील, ह्याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

मापन करणाऱ्या बाई तरुण आणि गोड होत्या. चेहऱ्यावर काहीही उमटू न देण्याचं त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. सासरे खिडकीपाशी जाऊन केंद्राच्या पडद्याचं सूत तपासू लागले. लेक माझ्या मांडीवर होती. (बाईंचं खोडरबर तिच्या तोंडात होतं. काढलं.)

“आजी, पहिला प्रश्न. पूर्वीच्या त्यांची तुम्हाला आठवण येते का?”

“पूर्वीचे म्हणजे कधीचे?” सासूबाईंनी विचारलं.

“आजाराच्या आधीचे.”

“छे हो. आधी दुकानातून यायचे ते तोंड मिटून. सगळं बोलणं गिऱ्हाइकांवर संपलेलं असायचं. घरी नुसतं हूं आणि हां. आता मीच गिऱ्हाईक. दिवसभर बोलतात बाई! बसा म्हणतात, पाणी आणू का विचारतात.”

बाईंनी थोडा वेळ पेन तोंडाला लावलं. ‘पूर्वीपेक्षा बरं वाटणं’ यासाठी उणे गुणांची तरतूद नव्हती, म्हणून त्यांनी शून्य दिलं.

“तुम्हाला एकटं वाटतं का?”

“कुठलं आलंय! बाथरूमपर्यंत मागे येतात. बाहेर उभं राहून विचारतात, वहिनी, माप बसलं का?”

शून्य.

“जोडीदार आपल्यापासून हरवत चाललाय असं वाटतं का?”

“हरवतील कसे? कडी वर घेतलीय ना.”

शून्य.

“काही वेळा रडू येतं?”

“येतं ना.” मी आशेने पुढे सरकले. “डोळ्यातून सारखं पाणीच येतं. डॉक्टर म्हणाले पिकलाय म्हणून.”

बाईंनी ‘रडू’ खोडून ‘नेत्रविकार’ लिहिलं. मी सासूबाईंना कोपराने ढोसलं. त्यांनी माझ्याकडे बघून लेकीला स्वतःकडे घेतलं. त्यांना वाटलं मी दमले.

“भविष्याविषयीच्या इच्छा अपुऱ्या राहिल्या असं वाटतं का?”

“डोळ्याचं तेवढं राहिलंय.”

“आणखी काही?”

“दुसऱ्या डोळ्याचं.”

शेवटी बेरीज झाली: नऊ. त्यातले सहा कंबरदुखीचे होते. बाई म्हणाल्या, केंद्र सुरू झाल्यापासून एवढं कमी दुःख कुणाचंच भरलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर प्रशिक्षण असूनही कौतुक उमटलं.

दोन दिवसांनी केंद्रातून पत्र आलं. ‘समाधानी काळजीवाहक’ म्हणून इतरांना प्रेरणा देण्यासाठी सासूबाईंनी तासाभराचं व्याख्यान द्यावं, अशी विनंती होती. सासूबाईंची ना नव्हती, पण त्या तासात सासऱ्यांकडे कोण बघणार हा प्रश्न आला. केंद्राने कळवलं की त्यासाठी मदतनीस देता येईल, मात्र अर्जदाराचे गुण साठाच्या वर हवेत.

नियमाप्रमाणे एका कुटुंबातून तीन जणांना मापनाला बसता येतं. दुसरा नंबर नवऱ्याचा लागला. त्याने तयारी चांगली केली होती, पण मापनाच्या दिवशी घाबरला आणि सगळ्या प्रश्नांना ‘मध्यम’ असं उत्तर देऊन पन्नास गुण घेऊन आला. शाळेतही तो हेच करायचा, असं सासूबाई म्हणाल्या. मी बसायला तयार होते. मी सतत घाबरलेली असते, झोप लागत नाही, घास उतरत नाही. माझे ऐंशी कुठे गेले नव्हते. सरावासाठी नवऱ्याने मला घरीच प्रश्न विचारले, तेव्हा लक्षात आलं की माझ्या ऐंशीपैकी सत्तर लेकीच्या खात्यावर जातात. ते तळमजल्याचं दुःख. वरच्या मजल्यावर चालत नाही.

तेव्हा तिसरी आणि शेवटची जागा आम्ही ताईंसाठी राखून ठेवली.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. आठ तासांच्या अंतरावरच्या शहरात कॉलेजात शिकवतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळच्या बसने उतरतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात. त्या दिवशीही दार उघडलं तेव्हा सासरे पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “या मॅडम. काय दाखवू?”

ताई थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजला टेकून रडल्या.

“मागच्या महिन्यात मला ‘बाळ’ म्हणाले होते गं. अगं, मागच्या महिन्यात! आणि आज मॅडम?”

“मॅडम म्हणजे मोठं गिऱ्हाईक,” सासूबाई म्हणाल्या. “मला अजून वहिनीच म्हणतात. रडून झालं की त्या टॉवेलांच्या घड्या घाल.”

ताईंचं रडणं खोटं नव्हतं, हे मला आवर्जून नमूद केलं पाहिजे. रोज बघणाऱ्याला उतार दिसत नाही. महिन्याने येणाऱ्याला एकदम चार पायऱ्या दिसतात. (लेकीला महिन्याने बघणारे ‘केवढी झाली!’ म्हणतात. मला ती रोज तेवढीच दिसते. खरं म्हणजे थोडी बारीकच.)

दुपारी केंद्रात (ते रविवारीही उघडं असतं) ताईंना त्र्याण्णव पडले. मापन अर्ध्यात थांबवून बाईंनाच पाणी द्यावं लागलं. टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा संपला. तीन प्रश्न तर ताईंनी विचारायच्या आतच पूर्ण केले. निकाल ऐकून नवऱ्याने मूठ आवळून ‘येस!’ म्हटलं, मग प्रसंगाचं भान येऊन मान खाली घातली. सासूबाईंनी लेकीचा गालगुच्चा घेऊन सांगितलं, “तुझ्या आत्याचा पहिल्यापासून पहिलाच नंबर.” ऑपरेशनची तारीख घेतली.

पुढच्या सोमवारी ठरल्याप्रमाणे मदतनीस दहाच्या ठोक्याला हजर झाली. ताईंच्या घरी.

ह्यात केंद्राची काहीच चूक नाही. दुःख ताईंचं, तर मदत ताईंना. अर्जावर पत्ता काळजीवाहकाचा मागितला होता. रुग्ण कुठे राहतो हे विचारण्याचं कारणच नव्हतं, कारण रुग्णाचं मापन होत नाही. ताईंनी दार उघडलं. बाहेर निळा अंगरखा घातलेली एक दणकट, हसतमुख बाई.

“पेशंट कुठेत?”

“आठ तासांवर.”

मदतनीसने घड्याळात पाहिलं. मग चपला काढून सोफ्यावर बसली, कारण तिला दहा ते चार बसण्याचे आदेश होते. ताईंनी कॉलेजातून सुट्टी घेतली, कारण परक्या बाईला घरात एकटं कसं ठेवायचं? दोन वेळा चहा केला. तिसऱ्या दिवशी मदतनीसने ताईंचे पाय चेपून दिले. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला व्हिडिओ कॉल लावला, तर सासऱ्यांनी फोनसमोर पडदा धरून मदतनीसला दोन मीटर कापड जवळजवळ विकलं. आठवड्याअखेर ताईंचा आवाज फोनवर बराच मोकळा येत होता. इकडे त्याच आठवड्यात एका सकाळी सासूबाईंनी सासऱ्यांना कोणती गोळी दिली हे कुणालाच कळलं नाही. ते दुपारी दोनपर्यंत पडद्यांवर डोकं ठेवून झोपले होते. सासूबाई म्हणाल्या, आज दुकान बंद दिसतंय.

नवऱ्याने केंद्राकडे पत्ता बदलण्याचा अर्ज दिला. केंद्राचं उत्तर सौजन्यपूर्ण होतं. पत्ता बदलता येईल, परंतु नव्या पत्त्यावर दुःख असणं आवश्यक आहे. उपरोक्त पत्त्यावर नोंदलेली दुःखं नऊ आणि पन्नास आहेत, पैकी एकही पात्र नाही. सबब, मूळ दुःखधारकाने आपल्या दुःखासह तिथे वास्तव्यास यावं, म्हणजे मदतनीसही मागोमाग येईल.

ताई भल्या आहेत. पंधरा दिवसांची रजा टाकली, बॅग भरली, आल्या. मागोमाग मदतनीसही आली. ऑपरेशन आठवड्यानंतरच्या गुरुवारी ठेवलं. मी पहिल्यांदा ऑफिसात सलग तासभर एका जागी बसले.

पण केंद्राचा एक नियम आहे, आणि तो योग्यच आहे: पत्ता बदलला की आठवड्याभरात फेरमापन. त्या आठवड्यात ताईंनी पहिल्या दिवशी सासऱ्यांना अंघोळ घातली आणि रडल्या. दुसऱ्या दिवशी अंघोळ घातली आणि ओल्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंबरोबर गिऱ्हाईक म्हणून बसल्या. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा त्या पदर खोचल्यागत ओढणी कमरेला बांधून सासऱ्यांशी घासाघीस करत होत्या.

“हा टॉवेल काय भाव?”

“मॅडम, तुम्हाला जास्त सांगीन का?”

“पलीकडच्या दुकानात स्वस्त आहे.”

“मग तिथून घ्या. धुतल्यावर माझ्याकडे रडत येऊ नका.”

ताई इतक्या हसल्या की सासरेही हसायला लागले. बुधवारी मापनवाल्या बाई घरी आल्या तेव्हा ताई एका हाताने सासऱ्यांचा हात बाहीत घालत होत्या, दुसऱ्या हाताने लेकीच्या तोंडातून काहीतरी काढत होत्या. (चादरीचं लेबल.)

“पूर्वीच्या वडिलांची आठवण येते का?”

“थांबा हो, उजवा हात राहिलाय.”

“तुम्हाला एकटं वाटतं का?”

“काय म्हणालात? हं, नंतर सांगते.”

‘नंतर सांगते’ला शून्य गुण आहेत. बेरीज बावीस झाली. त्र्याण्णवावरून बावीस! बाईंचे डोळे भरून आले. एवढं झटपट बरं झालेलं दुःख त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताईंचं अभिनंदन केलं, सही घेतली आणि मदतनीसला बरोबर घेऊन गेल्या.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांना पलंगावरून उठवताना ताईंची कंबर धरली. वाकता येईना, वळता येईना. गुरुवारी सकाळी ऑपरेशनला जायच्या वेळी सासूबाई ताईंच्या कंबरेला शेक देत होत्या आणि सासऱ्यांना ‘उद्या येते’ म्हणत होत्या. डोळ्यांच्या दवाखान्याला फोन करून तारीख त्यांनीच पुढे ढकलली. “मला काय झालंय? नीट दिसतंय मला,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला तो टेबलाच्या कडेच्या बाहेर. मी झेलला.

आमच्या घरच्या मापनांचा केंद्राला मोठा उपयोग झाला, हे सांगायला आनंद वाटतो. गेल्या आठवड्यात त्यांनी परिपत्रक काढलं. त्यातले निष्कर्ष असे:

एक, दुःख हे रुग्णापासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात वाढतं.

दोन, स्वतः काळजी घेतल्यास दुःख आठवड्याभरात तीन चतुर्थांशाने उतरतं. एवढं गुणकारी औषध आजवर उपलब्ध नव्हतं.

तीन, मदतनीस दिल्यास काळजीवाहकाला वेळ मिळतो आणि वेळ मिळाल्यास दुःख होतं. सबब, रुग्णासोबत राहणाऱ्यांना मदत देऊन त्यांचं समाधान बिघडवू नये.

चार, जे रुग्णासोबत राहत नाहीत, त्याची काळजी घेत नाहीत, परंतु ज्यांनी त्याची हकीकत नुसती ऐकली वा वाचली आहे, अशांचं दुःख आजवर दुर्लक्षित राहिलं. त्यांच्यासाठी ‘दूरस्थ’ असा स्वतंत्र वर्ग उघडण्यात येत असून सर्व मदतनीस तिकडे वळवण्यात येत आहेत.

हा चौथा मुद्दा तुमच्यासाठी आहे. तुम्ही इथपर्यंत वाचलंत. मध्ये कुठेतरी, बहुधा ‘वहिनी’पाशी, तुमच्या घशात काहीतरी अडकलं असेल. मला खात्री आहे तुमचे साठाच्या वर सहज जातील. अर्ज जरूर करा.

तोवर एक विचारू का? सासूबाईंना नवी तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार. उजवा डोळा. नंतरच्या आठ दिवसांचं आम्ही कसंतरी निभावून नेऊ, पण त्या एका दिवशी दहा ते चार कुणीतरी सासऱ्यांपाशी बसायला हवं. काही करायचं नाही. पलंगावर बसून चादरी बघायच्या आणि ‘जरा गडद दाखवा’ म्हणायचं. तुम्ही याल?

नेमका गुरुवारच अडचणीचा आहे, नाहीतर नक्की आलो असतो, आणि न येता आल्याचं फार, फार वाईट वाटतंय, असंच ना?

‘फार’ म्हणजे तीन. दोनदा म्हणालात, म्हणून चार लिहिते.